शिफारसपत्र अडकलंय? आधी आपला अर्ज पाठवा

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज करणाऱ्या घरांत एकच विषय असतो. निबंध लिहून झाले, गुण भरून झाले, फी भरायला कार्ड तयार आहे, पण सरांचं शिफारसपत्र अजून गेलेलं नाही. लवकरच्या फेरीची १ नोव्हेंबरची मुदत तोंडावर आलीय आणि कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलीय. मुलगा तासातासाला लॉगिन करून बघतोय, वडील म्हणतायत मीच फोन लावतो सरांना, आई म्हणतेय तू आधी जेवून घे. यात आईचं बरोबर आहे. पत्राला झालेल्या उशिरापेक्षा त्या उशिराच्या धास्तीने केलेल्या गोष्टींनीच अर्जाचं जास्त नुकसान होतं.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या, की पत्र आलेलं नाही म्हणून स्वतःचा अर्ज रोखून धरायचा नाही. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी बहुतेक मुलं ‘कॉमन अ‍ॅप’मधून अर्ज करतात. १९७५ साली १५ खासगी कॉलेजांनी मिळून ही व्यवस्था सुरू केली, आज एक हजाराहून जास्त कॉलेजं तीत आहेत. विद्यार्थ्याचा अर्ज, शिक्षकांची पत्रं आणि शाळेचे कागद हे तिन्ही तिथून वेगवेगळे जातात. तुम्हाला ‘सबमिट’ दाबायला शिक्षकांचं पत्र आलेलं असावं लागत नाही. तुमचा भाग ठरलेल्या तारखेला पोचला की तुमचा अर्ज वेळेत आला. पत्र मागाहून येतं आणि तुमच्या फाइलला जोडलं जातं.

प्रवेश कार्यालयांना हे रोजचं आहे. १ नोव्हेंबरच्या आसपास त्यांच्याकडे कागदांचा पूर येतो, ते लावून घेण्यातच त्यांचे कित्येक दिवस जातात. २ नोव्हेंबरच्या सकाळी कोणी तुमची फाइल उघडून वाचत बसलेलं नसतं. शिवाय शिक्षकाचा वेळ विद्यार्थ्याच्या हातात नसतो हे ते जाणून असतात. म्हणून शाळेकडून येणारे कागद तारखेनंतर काही दिवसांनी आले तरी चालतील, असं अनेक कॉलेजं आपल्या संकेतस्थळावर स्वतःच लिहितात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या पानावर ते वाक्य शोधून वाचा, कारण सगळ्यांचे नियम सारखे नसतात. माझ्या मते आठवडाभराचा उशीर बहुतेक ठिकाणी निभावतो. त्यापुढे मात्र गप्प बसू नये. ‘अर्ली डिसिजन’ या लवकरच्या फेरीचे निकाल डिसेंबरच्या मध्यावर लागतात, म्हणजे नोव्हेंबरातच फाइली वाचून व्हायच्या असतात.

यालाच जोडून एक गोष्ट, जी आपल्याकडच्या मुलांना हमखास गोत्यात आणते. ‘अमेरिकेत अजून कालचाच दिवस चालू आहे’ या भरवशावर बरेच जण शेवटच्या रात्री निवांत असतात. कॉमन अ‍ॅपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते. तुम्ही नाशिकला असाल तर नाशिकच्या घड्याळाने. मास्टर्सच्या अर्जांचं गणित निराळं असतं. तिथे बहुतेक विद्यापीठं आपल्या स्वतःच्या वेळेप्रमाणे चालतात. डिसेंबरात न्यूयॉर्कची रात्रीची ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळची १०:२९, आणि कॅलिफोर्नियाची म्हणजे दुपारची १:२९. सरांना तारीख सांगताना भारतीय वेळेतली सांगा, आणि तीही दोन दिवस अलीकडची.

आता ज्यांनी ब्रिटनला अर्ज केलाय त्यांनी वरचा दिलासा स्वतःला लावून घेऊ नये. तिथे पदवीचे अर्ज ‘युकास’मधून जातात आणि शिक्षकाचा अभिप्राय हा त्या अर्जाचाच भाग असतो. तुम्ही आपला भाग पूर्ण करून फी भरली की अर्ज शाळेकडे जातो. शाळा अभिप्राय जोडते आणि मग तो युकासकडे पोचतो. अभिप्राय नाही, तर अर्ज जागचा हलत नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय अभ्यासक्रमांची तारीख १५ ऑक्टोबर असते. बाकीच्यांची जानेवारीत येते, २०२६ च्या प्रवेशासाठी ती १४ जानेवारी होती. दोन्ही दिवशी ब्रिटिश वेळेप्रमाणे संध्याकाळी ६ वाजता मुदत संपते, म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे रात्रीचे साडेदहा आणि जानेवारीत साडेअकरा. जानेवारीची तारीख हुकली तरी अर्ज पुढे जातो, पण विद्यापीठाने तो इतरांच्या बरोबरीने विचारात घ्यावा असं बंधन राहत नाही. ऑक्टोबरची हुकली तर त्या अभ्यासक्रमांचा विषय त्या वर्षापुरता बहुतेक संपलाच. म्हणून ब्रिटनच्या अर्जासाठी शिक्षकाच्या मागे लागायचं ते सप्टेंबरात. एक सोय मात्र आहे. २०२४ च्या प्रवेशापासून तिथला अभिप्राय तीन ठरावीक भागांत भरायचा असतो, जुन्यासारखं सलग पत्र लिहावं लागत नाही. हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं, सांगितलं की त्यांच्यावरचं अर्धं दडपण उतरतं.

काही ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाची बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो वगैरे सगळी केंद्रं पदवीच्या अर्जाबरोबर शिफारसपत्र मागत नाहीत. जर्मनीत मास्टर्ससाठी अनेक अभ्यासक्रमांना ते लागत नाही, आणि लागलं तरी पुष्कळदा विद्यार्थ्यानेच पीडीएफ जोडायची असते. लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र हातात घेऊन ठेवलं की तिथलं काम झालं.

पत्र नेमकं कुठे अडलंय?

सरांना आठवण करण्याआधी आपल्या बाजूचं काही राहिलेलं नाही ना, ते बघा. ‘सर पत्र देत नाहीत’ अशी तक्रार घेऊन मुलं येतात, त्यांचं पोर्टल उघडून बघावं तर सरांपर्यंत काही पोचलेलंच नसतं, असं वारंवार होतं.

कॉमन अ‍ॅपमध्ये शिक्षकाला आमंत्रण देणं आणि त्याला त्या-त्या कॉलेजला नेमून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. मुलं ईमेल टाकतात, आमंत्रण जातं, नाव यादीत दिसतं, आणि काम झालं असं समजून मोकळी होतात. पण सहा कॉलेजं असतील तर सहाही कॉलेजांच्या पानावर जाऊन त्या शिक्षकाचं नाव निवडावं लागतं. नाही निवडलं तर शिक्षकाने पत्र चढवलं तरी ते त्या कॉलेजला जात नाही. मागाहून एखादं कॉलेज यादीत घातलं असेल तर तिथे हे हमखास राहून जातं. आज रात्री एकेक कॉलेजचं पान उघडून तपासा.

मग ईमेलचा पत्ता. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलेलं असतं, किंवा कॉलेजने दिलेला अधिकृत पत्ता सर वर्षभरात उघडतच नाहीत. आमंत्रणाचा मेल अनोळखी पत्त्यावरून, इंग्रजीत, ‘इथे क्लिक करा’ असं सांगत येतो. सायबर फसवणुकीच्या इतक्या बातम्या रोज वाचल्यावर कोणता शहाणा माणूस तो उघडेल? कित्येकदा तो स्पॅममध्येच पडलेला असतो. म्हणून आमंत्रण पाठवलं त्याच दिवशी सरांना सांगायचं की अमुक पत्त्यावरून, अमुक विषयाचा मेल आला असेल. कॉमन अ‍ॅपमध्ये आणि मास्टर्सच्या बहुतेक पोर्टलांवर तो मेल पुन्हा पाठवण्याची सोय असते. ती वापरा, पण सरांना आधी कळवून.

मास्टर्सच्या पोर्टलांची आणखी एक डोकेदुखी आहे. काही ठिकाणी शिक्षकाचं नाव भरून जतन केलं की लिंक लगेच जाते. काही ठिकाणी तुम्ही अर्ज पूर्ण सबमिट करून फी भरल्याशिवाय ती जातच नाही. अशा विद्यापीठाला तुम्ही शेवटच्या रात्री अर्ज केलात, तर मॅडमना लिंक मिळेल ती मुदत संपता संपता, आणि उशीर त्यांच्या नावावर मांडला जाईल. विद्यापीठाच्या सूचनांत हे दिलेलं असतं. तिथे अर्ज दोन आठवडे आधी भरा. आणि जीमेलचा पत्ता चालेल का, हेही तिथेच बघून घ्या. बऱ्याच विद्यापीठांना शिक्षकाचा संस्थेतला पत्ता हवा असतो. खासगी पत्ता दिला तर पत्र पोचूनही त्याच्या खरेपणाची चौकशी होत बसते.

पदवीच्या अर्जांत एक कागद विसरला जातो तो शाळेचा. अमेरिकन कॉलेजं शाळेच्या समुपदेशकाकडून ‘स्कूल रिपोर्ट’ मागतात. मुंबई-पुण्यातल्या आंतरराष्ट्रीय शाळांत त्यासाठी वेगळा माणूस असतो आणि कागद नॅव्हिअन्स, सिआल्फो अशा प्रणालींतून आपोआप पुढे जातात. एचएससी बोर्डाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत हे पद सहसा नसतं. ते काम प्राचार्यांनी किंवा उपप्राचार्यांनी करायचं असतं आणि त्यांनी हा फॉर्म आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. शिक्षकांचं पत्र वेळेत जाऊन हा रिपोर्ट राहिला, तरीही फाइल अपुरीच दिसते. तेव्हा तोही तपासा.

आणि सगळं तपासून झाल्यावर एक शक्यता उरते, की पत्र गेलेलं आहे. कागद पोचणं आणि तो कॉलेजच्या पोर्टलवर ‘मिळाला’ म्हणून दिसणं यांत गर्दीच्या दिवसांत आठवडा, कधी त्याहून जास्त वेळ जातो. तिथली लाल फुली म्हणजे अजून नोंद झालेली नाही, एवढंच. कॉमन अ‍ॅपवर पत्र पाठवल्याची तारीख दिसत असेल तर काही दिवस थांबा.

आठवण कशी करायची

थोडं शिक्षकांच्या बाजूने बघू. कॉमन अ‍ॅपमध्ये एका विद्यार्थ्याचं एक पत्र सगळ्या कॉलेजांना जातं. मास्टर्समध्ये प्रत्येक विद्यापीठाची लिंक वेगळी, फॉर्म वेगळा, प्रश्न वेगळे. हा विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत येतो की दहा, त्याची चिकाटी किती, इंग्रजी कसं, असे तक्ते भरायचे आणि मग पत्र चढवायचं. विभागातल्या एखाद्या लोकप्रिय मॅडमनी १५ मुलांना होकार दिला आणि प्रत्येकाची आठ विद्यापीठं असली, तर ते १२० फॉर्म होतात. हे नेमकं कधी? नोव्हेंबर-डिसेंबरात. तेव्हा टर्मवर्कच्या सह्या चालू असतात, टेबलावर जर्नल्सचा ढीग असतो, ओरल घ्यायला दुसऱ्या कॉलेजात जायचं असतं, कॅप सेंटरवर पेपर तपासायचे असतात, आणि नॅकचं मूल्यांकन जवळ आलं असेल तर सगळ्यांनाच फायलींना जुंपलेलं असतं. कनिष्ठ महाविद्यालयात एकेका तुकडीत शंभराहून जास्त मुलं असतात, त्यात निवडणूक आली की शिक्षकांना तिची ड्युटी लागते. आणि शिफारसपत्रांच्या कामाचा त्यांना एक रुपयाही मिळत नाही. हे ध्यानात ठेवून जो निरोप लिहिला जातो तो आपसूक नीट उतरतो.

चांगला निरोप तो, जो वाचून मॅडमचं काम कमी होतं. ‘मॅडम, एलओआरचं काय झालं?’ या निरोपाने ते वाढतं, कारण आता त्यांनी शोधायचं की तू कोण, कुठली विद्यापीठं, किती झाली, किती राहिली. त्याऐवजी असं काहीतरी लिहावं:

‘नमस्कार मॅडम. मी बी.ई. कॉम्प्युटर, बी डिव्हिजनची. गेल्या वर्षी तुमच्याकडे डीबीएमएस आणि मिनी प्रोजेक्ट होता. तुम्ही आठ विद्यापीठांपैकी पाचांची पत्रं पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. राहिलेल्या तिन्हींची नावं, आपल्या वेळेनुसार शेवटची तारीख आणि मेल कोणत्या दिवशी आला, हे खाली दिलं आहे. सगळ्यांत जवळची तारीख १५ डिसेंबर आहे. मेल सापडत नसेल तर सांगा, मी आज पुन्हा पाठवते. या आठवड्यात तुम्हाला जमणार नसेल तर तेही मोकळेपणाने कळवा, मी विद्यापीठाला तसं लिहून मुदत विचारीन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. बरेच शिक्षक नाही म्हणायला संकोचतात. होकार देऊन बसतात आणि मग फोन उचलत नाहीत. त्यांना सुटायची वाट ठेवली तर निदान उत्तर तरी येतं, आणि तुम्हाला दुसरी सोय करायला वेळ मिळतो.

मुदतीच्या तीन आठवडे आधी एकदा, एक आठवडा आधी एकदा आणि दोन दिवस आधी एकदा, एवढ्या आठवणी पुरतात. त्यापेक्षा प्रत्यक्ष भेटणं केव्हाही चांगलं. शेवटचं लेक्चर संपल्यावर स्टाफरूममध्ये जा, यादीची एक छापील प्रत टेबलावर ठेवा. दिवाळीच्या सुट्टीत फोन करायचाच असेल तर आधी मेसेज टाकून विचारा, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर करूच नका. आईवडिलांनी सरांना फोन करणं मला पटत नाही. पत्र मुलाच्या वागण्याबोलण्याबद्दल असतं आणि त्यातली पहिली गोष्ट, स्वतःचं काम स्वतः करणं, तिथेच डागाळते. वरिष्ठांकडून किंवा संस्थाचालकांकडून सांगून पाहणं तर त्याहून वाईट. पत्र येईल, पण चार कोरड्या ओळींचं येईल.

उशिराचं एक कारण कोणी उघड बोलत नाही, ते इंग्रजीचं. तालुक्याच्या कॉलेजात वीस वर्षं उत्तम रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना अमेरिकेला जाणारं पत्र इंग्रजीत लिहायचं म्हटलं की अवघडल्यासारखं होतं, आणि काम आज-उद्यावर जातं. त्यांना आदराने सांगा की सोपी, छोटी वाक्यं पुरेत, शिक्षकाच्या इंग्रजीला तिथे कोणी गुण देत नाही. किंवा त्यांनी मराठीत लिहावं आणि कॉलेजातल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी भाषांतर करून मूळ पत्रासह जोडावं. प्रयोगशाळेत तुटलेल्या ब्युरेटचे पैसे न सांगता भरणारी मुलगी सरांनी साध्या शब्दांत लिहिली, तर भारदस्त विशेषणांच्या पानभर मजकुरापेक्षा ती वाचणाऱ्याच्या जास्त लक्षात राहते.

जे करू नये

‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे वाक्य आपल्या कॉलेजांत इतकं रुळलंय की त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटतही नाही. घाईच्या दिवसांत तर ते सुटकेसारखं वाटतं. तरीही लिहून नेऊ नका. पोर्टलवर शिक्षक जे पाठवतो ते त्याचं स्वतःचं मत म्हणून पाठवतो. शिवाय एकाच मुलाने लिहिलेली तीन पत्रं आणि त्याचा निबंध एकाच आवाजात बोलतात, आणि रोज शेकडो फाइली वाचणाऱ्याला तो आवाज ओळखता येतो. पत्राऐवजी एक पान माहिती न्या: त्यांच्या कोणत्या तासाला तुम्ही होता, कोणता प्रोजेक्ट केला, त्यात काय अडलं, मग काय केलं, कोणत्या विषयात पुढे जायचं आहे. फक्त घडलेल्या गोष्टी लिहा, स्वतःची स्तुती करू नका. सर ते समोर ठेवून अर्ध्या तासात पत्र लिहू शकतात. ‘आठवत नाही’ हे उशिराचं कारण याने दूर होतं, आणि पत्र त्यांचंच राहतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सरांच्या नावाने ईमेल खातं उघडायचं आणि लिंकवर जाऊन आपणच फॉर्म भरायचा, असं काही मुलं करतात, काही एजंट तर हीच सेवा म्हणून विकतात. ही सरळ फसवणूक आहे. फॉर्म कुठल्या संगणकाच्या पत्त्यावरून भरला गेला याची नोंद पोर्टलला होऊ शकते, शंका आली तर विद्यापीठ थेट कॉलेजला विचारतं. सापडलं तर अर्ज रद्द होतो, मिळालेला प्रवेश काढून घेतला जातो, आणि पदवी हातात पडल्यावर उघड झालं तरी ती धोक्यात येते. याच कारणासाठी सरांना मदत म्हणून आपला लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट देऊ नका. त्यांनी त्यांच्या खात्यातून, कॉलेजच्या संगणकावर भरलेलं बरं. तुम्ही बाहेर थांबा.

कॉमन अ‍ॅपमध्ये ‘फेर्पा’ या १९७४ च्या अमेरिकन कायद्याखाली पत्र पुढे कधी पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. सोडा. मग शिक्षक मोकळेपणाने लिहितात आणि वाचणाराही ते पत्र मानतो.

पत्र येतच नसेल तर

दोन आठवणी होऊनही उत्तर नाही, मुदतीला आठवडा राहिलाय, तेव्हा दुसऱ्या शिक्षकाकडे जा. मास्टर्ससाठी सहसा तीन पत्रं लागतात. सुरुवातीलाच चौघांना विचारून ठेवणारी मुलं डिसेंबरात निर्धास्त असतात. ज्याने पत्र पाठवलेलं नाही अशा शिक्षकाच्या जागी दुसरं नाव घालण्याची सोय बहुतेक पोर्टलांवर असते, काहींवर अर्ज सबमिट झाल्यावरही. ज्यांचं नाव काढताय त्यांना दोन ओळी लिहा: तुमची धावपळ मला दिसत होती, या वेळी मी दुसरीकडून सोय केली आहे, तुम्ही काळजी करू नये. नाहीतर महिन्याभराने सर वेळ काढून लिंक उघडतात आणि ती बंद असते.

बदली शिक्षक निवडताना मोठं नाव शोधू नका. आमदार, संस्थेचे अध्यक्ष, वडिलांच्या कंपनीतले मोठे साहेब यांची पत्रं प्रवेश समितीच्या उपयोगाची नसतात. ज्यांनी तुम्हाला शिकवलंय तेच हवेत. इथे बारावीच्या मुलांची एक खरी अडचण आहे. नाव कनिष्ठ महाविद्यालयात आणि दोन वर्षं बसायचं क्लासमध्ये, त्यामुळे कॉलेजातल्या एकाही शिक्षकाला मूल ओळखीचं नसतं. क्लासच्या सरांचं पत्र जादाचं म्हणून चालू शकतं, पण कॉलेजं जे मागतात ते शाळेतल्या वर्गशिक्षणाबद्दलचं असतं. अशा वेळी दहावीपर्यंतच्या शाळेतल्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या बाईंना विचारता येतं. अलीकडच्या वर्षांतले शिक्षक कॉलेजांना जास्त पसंत असतात, म्हणून आधी कॉलेजला मेलवर विचारून घ्या. मात्र तुम्हाला नावानेही न ओळखणाऱ्या सरांच्या पत्रापेक्षा बाईंचं पत्र कधीही चांगलं.

मुदत उलटून आठवडा झाला आणि पत्र नाहीच, तर प्रवेश कार्यालयाला मेल करा. पाच-सहा ओळी पुरतात. अर्जात आहे तसंच पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्जाचा क्रमांक, कोणत्या सत्राला आणि कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज केला, कोणत्या शिक्षकांचं पत्र यायचं आहे, ते कधीपर्यंत येईल, आणि तोवर चालेल का हा प्रश्न. शिक्षकांची तक्रार करायची नाही. ‘आमच्याकडे दिवाळीची सुट्टी होती, कॉलेज अमुक तारखेला उघडेल’ असं सरळ लिहिलं की तिथल्या माणसाला कळतं. मेल अर्जात दिलेल्या पत्त्यावरूनच पाठवा, आणि एकदाच. त्याच प्रश्नासाठी आईने फोन, मामाने न्यू जर्सीहून फोन, आणि एजंटचा वेगळा मेल, असं होऊ देऊ नका. मास्टर्समध्ये काही विभाग तीनपैकी दोन पत्रं आल्यावर फाइल वाचायला घेतात, पण ते त्यांनी सांगितलं तर. गृहीत धरू नका.

शिष्यवृत्तीच्या अर्जांना उशिराची ही सवलत सहसा लागू होत नाही. तिथे पैसा मोजका आणि अर्ज भरपूर असतात, त्यामुळे अपुरा अर्ज बाजूला काढणं ही पहिली चाळणी असते. शिष्यवृत्तीचं पत्र ज्यांच्याकडून मागाल ते वेळ पाळणारेच निवडा, मग त्यांचं पद थोडं खालचं असलं तरी चालेल.

पुढच्या वर्षी ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांनी जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर, गणपतीच्या आधी, शिक्षकांना विचारून ठेवावं. काही कॉलेजांत शिफारसपत्रासाठी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा लागतो, गुणपत्रिकांच्या प्रती आणि विद्यापीठांची यादी जोडावी लागते, किती विद्यापीठांना पत्र मिळेल यावरही मर्यादा असते. हे नियम ऑफिसात आताच विचारा. कॉमन अ‍ॅप १ ऑगस्टला नवं वर्ष उघडतं. दसऱ्यापर्यंत सगळ्या शिक्षकांना आमंत्रण जाऊन नेमणूक झालेली असली, तर दिवाळी आड येत नाही.

आणि पत्र पोचलं म्हणून कॉलेज ऑफिसचा रस्ता विसरू नका. पदवीच्या अर्जात जानेवारी-फेब्रुवारीत सहामाहीचे गुण असलेला ‘मिड-इयर रिपोर्ट’ त्याच प्राचार्यांनी पाठवायचा असतो, नेमका बारावीच्या प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षांच्या तोंडावर. मग प्रवेश घेतलेल्या कॉलेजला बोर्डाच्या निकालासह अंतिम रिपोर्ट जायचा असतो. एचएससीचा निकाल मे महिन्याच्या आसपास लागतो, आणि तेव्हा कॉलेज उन्हाळ्याच्या सुट्टीत असतं. उपप्राचार्यांचा सुट्टीतला नंबर आणि ऑफिसात सही करायला कोण असेल त्यांचं नाव एप्रिलमध्येच लिहून घ्या.